पट्टा खुंटीवरच होता

कळंबला बहिणीच्या नातवाचं बारसं उरकून सारजाबाई परत निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत घुगऱ्या होत्या आणि डोक्यात राग होता. बाळाला पाळण्यात घालायचा मान थोरल्या मावशीआजीचा. तो बहिणीनं पुण्याहून आलेल्या विहिणीला देऊन टाकला. "परत तुझ्या उंबऱ्याला पाय लावला तर नावाची सारजा न्हाई," असं बजावून ती जीपमध्ये बसली. हे ती दरवेळी म्हणायची आणि दरवेळी जायची, ते सोडा.

जीपमध्ये शेजारी बसलेल्या माणसानं मोबाईलमधून मान वर केली.

"मावशी, तुमी वारूळवाडीच्या ना? काल दिवस मावळताना तिकडं बिबट्यानं बाई धरली. हा बघा फोटो."

फोटोत सारजाबाईचा मुलगा ऋषी होता. आपल्याच अंगणात, हातात काठी घेऊन उभा.

"बाई कोण?" तिनं विचारलं.

"ह्याचीच बायको म्हणं. ह्यानं काठी घेऊन बिबट्या पळवला म्हणून वाचली. लई धाडसाचा गडी."

बायको म्हणजे अश्विनी. सारजाबाईची सून. पेठची मुलगी, बोलायला हळू पण कामाला वाऱ्यासारखी. सारजाबाईनं बटव्यातून फोन काढला. फोन चालू होता, रेंज होती, आणि कालपासून पोराचा एकही फोन आलेला नव्हता. सुनेला वाघरानं फाडलं आणि आईला कळवायचं राहिलं? तिनं फोन परत बटव्यात टाकला आणि बटव्याची दोरी करकचून आवळली.

घराजवळ आली तर अंगणात जत्रा भरलेली. वनखात्याच्या लोकांनी उसाच्या कडेला पिंजरा आणून ठेवला होता आणि आमिष म्हणून आत शेळी बांधली होती. सारजाबाईनं नीट बघितलं. ती तिचीच तांबडी शेळी होती.

"माझी शेळी कुणी कोंडली?"

"मावशी, फक्त आजच्या रात्रीपुरती," वनरक्षक भिमाजी म्हणाला. वनखात्यात केस पिकलेला माणूस, पण गर्दीनं त्याला पार घाबरवून सोडलं होतं. सकाळपासून तो बांधावर वाकून ठसे शोधत होता आणि ठसा काही सापडत नव्हता. 'माती कोरडी हाय, उमटला नसंल' असं तो म्हणाला, तर पोरं त्याच्या अंगावर धावून गेली. म्हणून आता तो काहीच म्हणत नव्हता.

ऋषी ओट्यावर बसून गोष्ट सांगत होता. "दिवस मावळता लाईट आली. अश्विनी पाण्याची मोटार चालू करायला गेली. त्यो उसातनं निघाला आन् डायरेक अंगावर. मी काठी घेऊन धावलो, आरडलो, तवा सोडली त्यानं." सकाळी सांगताना त्याचा बिबट्या कुत्र्याहून थोडा थोर होता, दुपारी वासराएवढा झाला होता, आणि आता ऐकणारे वाढले तसा तो रेड्याकडं निघाला होता.

"आई, तुझा फोनच लागत न्हवता," तो म्हणाला.

सारजाबाईनं बटव्याची दोरी आणखी एकदा आवळली. तिला ओळखणाऱ्या माणसांना त्याचीच भीती वाटायची.

ती आत गेली. स्वयंपाकघराची फरशी लखलखीत पुसलेली होती आणि फिनेलचा वास येत होता. अश्विनी कालपासून दवाखान्यात. मग फरशी पुसली कुणी? ऋषीनं जन्मात कधी फडकं हातात धरलं नव्हतं. सांडलेला चहासुद्धा तो पायानं पसरवायचा.

मग तिची नजर दारामागच्या खुंटीवर गेली.

खुंटीवर दोन पट्टे होते. आता हे पट्टे काय, ते सांगायला पाहिजे. आमच्या भागात बिबट्या उसात विंचवासारखा झालाय. कुठं पाय टाकावा आणि तो निघेल, नेम नाही. बिबट्या धरतो ती मान. म्हणून शेतात जाणाऱ्या बायकांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला सुरुवात केली. सारजाबाईनं चांभाराकडून जाड चामडं आणलं, त्याला खिळे ठोकून घेतले आणि दोन पट्टे केले. एक आपल्याला, एक सुनेला. पहिल्या दिवशी अश्विनी हसली होती. "आत्या, कुत्र्यागत दिसतंय." सारजाबाई म्हणाली होती, "दिसू दे. मान जाग्यावर आसली तर तोंड दिसंल." त्या दिवसापासून पट्ट्याशिवाय अश्विनीनं अंगणाच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. सरपणाला नाही, गवताला नाही, मोटारीकडं तर नाहीच.

आणि पट्टा खुंटीवर होता.

ऋषीनं सगळं केलं. फरशी पुसली, काठी शोधली, गोष्ट रचली. फक्त खुंटीकडं बघायचं राहिलं. कारण पट्टा बायकांचा. त्याच्या नजरेत तो कधी आलाच नव्हता.

सारजाबाईनं सुनेचा पट्टा काढला, पिशवीत घुगऱ्यांवर ठेवला आणि बाहेर आली. ओट्याच्या कोपऱ्यात तिचा दीर भगवंत उभा होता. भावकीतला मोठा माणूस. लग्न असो, दहावा असो, गावात माईक दिसला की तो त्याच्या हातात जायचा.

"भाऊजी, जरा गोठ्याकडं या."

गोठ्याच्या आडोशाला तिनं सरळ विचारलं. "बिबट्याची अक्कल कुणाची? ऋषीला येवढं डोकं न्हाई."

भगवंतानं इकडंतिकडं बघितलं. "वहिनी, कळलंय ना? मंग झाकून ठेवा. पोरगं चिडलं, हातातनं घडलं. ती अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली, त्यानं नको म्हणलं, ती सोमवारी जाणारच म्हणली. टोमॅटोचा बांबू पडला व्हता दारात, त्योच उचलला. माझ्याकडं रडत आला. मी म्हणलं, दवाखान्यात बिबट्या सांग. सून जगलीय, हात तेवढा मोडलाय, अजून काय पायजे?"

"आन् तिचा हात?"

"हात जुळतोय. नाव गेलं तर जुळत न्हाई. आन् एक सांगू? केस झाली ना, सुनेच्या छळाचं चारशे अठ्ठ्याण्णव कलम लागतं. त्यात पहिली सासू आत जाती. तसा त्यो कायदा सरकारनं आता काढून बी टाकलाय म्हणं."

"काढून टाकलाय तर मी आत कशी जाईन?"

भगवंताला विषय बदलायचा होता. म्हणून तो म्हणाला, "उद्या सकाळी फाट्यावर रास्ता रोको हाय, बिबट्यांच्या बंदोबस्तासाठी. तुमी पुढं बसा. दोन शब्द बोला. डोळ्याला पदर लावला तरी पुरं."

"बसते की," सारजाबाई म्हणाली.

ऋषीनं बायकोवर हात उचलायची ही पहिली वेळ नव्हती. मागं एकदा त्यानं अश्विनीच्या कानशिलात मारली, तेव्हा सारजाबाईनं त्याला भर अंगणात चपलेनं झोडपला होता. पोरगा पाया पडला, शपथ घेतली, रडला. भगवंत त्याला जामीन राहिला. घरातलं घरात मिटलं म्हणून सगळे जेवायला बसले. आता बघा, घरातलं घरात मिटवलेलं कुठं जाऊन पोचलं ते.

दवाखान्यात अश्विनी खाटेवर पडली होती. डोक्याला पट्टी, उजवा हात प्लास्टरात, डोळ्याखाली काळंनिळं. बाजूच्या स्टुलावर तिचा बाप सावळेराम बसला होता. सारजाबाईला बघून तो उठला.

"बसा, पावणं. काय म्हणती पोरगी?"

"काय म्हणणार? बिबट्या म्हणती." सावळेराम खाली बघत म्हणाला. "बिबट्याच बरा, विहीणबाई. पोरीला परत तिथंच नांदायचंय."

म्हणजे ह्यालाही माहीत होतं. सारजाबाईला वाटलं, अख्खा तालुका मिळून एका मुक्या जनावरावर आळ घालतोय, आणि जनावराला वकील नाही.

"पावणं, जरा चहा घेऊन या. साखर कमी, आन् सावकाश या."

तो गेला. सारजाबाईनं पिशवीतून पट्टा काढला आणि सुनेच्या डाव्या हाताशी ठेवला.

"खुंटीवर व्हता."

अश्विनीनं पट्ट्याकडं बघितलं आणि डोळे मिटून घेतले.  मग म्हणाली, "आत्या, तुमी बिबट्याच म्हणा."

"का? भ्यालीस त्याला?"

"त्याला न्हाई. तुमाला."

सारजाबाईला कुणी तोंडावर असं बोलायचं म्हणजे फार झालं. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तिनं दवाखाना डोक्यावर घेतला असता. पण ती म्हणाली, "बोल. पुढं बोल."

"तुमी आज चिडलाय. उद्या त्यो पाया पडंल. तुमी त्याची आई. पोटात कालवंल, मागं फिराल. बाप माझा तसा हाय, बघितलाच तुमी. मंग मी नाव घेतलेलं, आन् मागं कुणीच न्हाई. कुठं जाऊ मी? त्याच घरात, त्याच फरशीवर?"

"मी मागं फिरंन?"

"मागच्या वेळी चपलेनं मारलं त्याला. सांजच्याला त्याच्या ताटात तुमीच तूप वाढलं, आत्या. मी बघितलं व्हतं."

सारजाबाई उठून खिडकीशी गेली. बाहेर टोमॅटोचे क्रेट लादलेले पिकअप नारायणगावच्या बाजाराकडं चालले होते. तूप वाढलं होतं. खरं होतं. आईच्या हाताला सवय असते, ती कुणी काढायची?

"मंग मी काय केलं म्हंजी तुला पटंल?" ती वळून म्हणाली.

अश्विनीनं डोळे उघडले. "घरात बोलू नका. घरात बोललेलं माघारी घेता येतं. चारचौघांत बोला, माघारी घेताच येणार न्हाई असं. मंग मी बोलते. कुणाम्होरं बी बोलते."

"येवढंच ना?" सारजाबाईनं पट्टा उचलून परत पिशवीत टाकला. "चारचौघं कशाला, उद्या फाट्यावर अख्खा तालुका येणार हाय. माईक बी भाऊजींनीच सांगून ठेवलाय."

अश्विनीचा ओठ एका बाजूनं सुजलेला होता. दुसऱ्या बाजूनं ती थोडी हसली.

सकाळी फाट्यावर पुणे-नाशिक रस्ता अडवून लोक बसले. दोन्हीकडं गाड्यांच्या रांगा. पोलिसांची गाडी बंदोबस्ताला उभी, तिच्याजवळ फौजदार आरती मॅडम, हाताची घडी घालून. घोषणा चालल्या होत्या, "बिबट्याचा बंदोबस्त झालाच पायजे!" पुढच्या सतरंजीवर ऋषी बसला होता. बिबट्याला पळवून लावला म्हणून त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता, आणि तो हारात चांगला रुळला होता.

भगवंत माईकवर आला. "बंधूंनो, आता पीडित भगिनीच्या सासूबाई, माझ्या थोरल्या वहिनी, दोन शब्द बोलतील. त्या माऊलीच्या डोळ्यातलं पाणी सरकारनं बघावं."

सारजाबाईनं माईक घेतला. डोळ्यात पाण्याचा थेंब नव्हता.

"मी सारजाबाई. मला भाषण येत न्हाई, बोलता येतं. बिबट्याला मी चांगली वळखते. माझी दोन कुत्री नेली त्यानं, एक कालवड नेली. ते त्याच्या नावावर लावा, माझं काय म्हणणं न्हाई. पर जे त्यानं केलं न्हाई, ते त्याच्या नावावर लावू नका."

 मागं कुणीतरी हॉर्न वाजवत होता, त्याला दुसऱ्यानं गप केलं.

तिनं पिशवीतून पट्टा काढून वर धरला. "ह्यो माझ्या सुनेचा पट्टा. हिथं बसलेल्या बायांना ठावं हाय, ह्याच्याबिगर आमी बांधावर जात न्हाई. परवा संध्याकाळी ह्यो घरात खुंटीवर व्हता. का? कारण सून घरात व्हती. मोटारीकडं ती गेलीच न्हाई. तिला माझ्या घरात, माझ्या फरशीवर, टोमॅटोच्या बांबूनं मारलंय. हात मोडलाय, डोकं फोडलंय. आन् मारणारा माझ्या पोटचा हाय. त्यो बघा, तिथं बसलाय. हार घालून."

इतके डोळे एका माणसावर एकदम वळलेले त्या फाट्यानं पूर्वी बघितले नसतील. ऋषीचा हात आपोआप हाराकडं गेला. काढावा की राहू द्यावा, त्याला समजेना.

भगवंतानं माईकला हात घातला. "वहिनींच्या मनावर परिणाम झालाय—"

"मनावर झालाय, जिभंवर न्हाई. सोडा माईक!" तिनं हिसका दिला. "बाहेरच्या जनावरासाठी वनखातं पिंजरा लावतं. घरातल्यासाठी बी सरकारनं कायदा केलाय. तुमी त्यो वापरू दिला न्हाई म्हणून त्यो न्हाईच असं न्हाई."

"आई," ऋषी उठून जवळ आला. त्याचा आवाज लहानपणी पडून गुडघा फुटल्यावर यायचा तसा येत होता. "आई, घरी चल. घरी बोलू."

तो आवाज ऐकून तिचं एक पाऊल त्याच्याकडं पडलंसुद्धा. अश्विनी म्हणाली होती तसंच. म्हणूनच ती माईक तोंडापासून न हलवता बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"घरी बोलून झालं, बाळा. मागं चपलेनं बोलले व्हते. तुला ऐकू आलं न्हाई. आता मोठ्यानं बोलतीय."

बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी ओरडलं, "बोला, मावशी! आमच्याकडं बी लई बिबट्यं हायती!" आणि बायका हसल्या. तोंडाला पदर न लावता हसल्या. पुरुष एकमेकांकडं बघायला लागले. एका पिकअपवाल्यानं काचेतून डोकं काढलं. "दादा, मंग रस्ता सोडायचा का? माल गरम व्हतोय."

सारजाबाई माईक भगवंताच्या हातात देऊन थेट पोलिसांच्या गाडीकडं चालत गेली.

"मॅडम, माझी फिर्याद लिहून घ्या."

ठाण्यात हवालदार टाईप करायला बसला. सारजाबाई सांगत गेली, तो बडवत गेला. मधेच थांबून त्यानं वाचून दाखवलं, "आरोपी एक, पती. आरोपी दोन, सासू—"

"सासू मी हाय!"

हवालदारानं जीभ चावली. "सवय, मावशी. हात आपोआप जातो."

आरती मॅडम हसू दाबत पुढं आली. "सासू फिर्यादी म्हणून माझ्यासमोर पहिल्यांदाच आली. पण चालतं. बाईनं स्वतः सांगावं, नाहीतर तिच्या रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या कुणीही सांगावं, असं कायद्यातच आहे. तुम्ही लग्नाच्या नात्यातल्या."

"आन् ते चारशे अठ्ठ्याण्णव सरकारनं काढलं म्हणत्यात?"

"आकडा बदललाय. नव्या कायद्यात कलम पंच्याऐंशी. गुन्हा तोच, शिक्षा तीच. हात मोडलाय त्याचं कलम वेगळं लागेल. आणि त्याला घरात पाऊल ठेवायची मनाई पाहिजे असेल, तर त्यासाठी कोर्टात वेगळा अर्ज करता येतो. घरात राहायचा हक्क तिचा आहे. बाहेर जायचं तर त्यानं."

"हे भाऊजींना माईकवरून सांगायला पायजे व्हतं," सारजाबाई म्हणाली.

सही करायला तिला वेळ लागला. शाळा तिनं फार बघितली नव्हती. पण अंगठा ती कधी देत नसे. एकेक अक्षर कोरून तिनं नाव लिहिलं आणि लिहून झाल्यावर कागदाकडं असं बघितलं, जसं काही तो कागदच आता तिला भ्यायला पाहिजे.

ऋषीला आणलं तेव्हा ती बाहेरच्या बाकावर होती. तो पातळ शर्टावर होता, आणि थंडी चांगली पडली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. तिनं अंगावरची शाल काढली आणि हवालदाराकडं दिली.

"त्याला द्या. आन् सांगा, शाल आईची हाय. फिर्याद बी आईचीच हाय. दोन्ही ऱ्हाणार."

तिथून आरती मॅडमबरोबर ती दवाखान्यात गेली. तिच्या आधी तिचा माईकवरचा व्हिडिओ तिथं पोचला होता. नर्स तिच्याकडं बघून बाजूला झाल्या. सावळेराम स्टुलावरून उठला आणि त्यानं ते स्टूल फडक्यानं पुसून तिच्यापुढं ठेवलं.

"बघितलंस?" तिनं अश्विनीला विचारलं.

"बघितलं. शेजारच्या खाटंवरच्या काकूंनी तर परत परत लावलं."

"मंग? आता तुझी पाळी."

आरती मॅडमनं खुर्ची ओढली. "जबाब मी एकटीच घेणार. सासरच्या माणसांनी बाहेर थांबायचं. माहेरच्यांनीही."

सासरची माणसं म्हणजे सारजाबाई. एवढं करून तिला दाराबाहेर! तिच्या जिभेवर आलं होतं, पण तिनं ते गिळलं. दारातून मात्र वळली.

"अश्विनी, ऐक. मी बी तोंडानं काय कमी न्हाई. कधी काय बोलली आसंल आन् तुला सलत आसंल, तर माझं बी लिही. खुशाल लिही. बिबट्याचं तेवढं खोड."

आत काय बोलणं झालं ते तिला ऐकू आलं नाही. तिनं कान देऊन बघितलं, हे खोटं कशाला बोला. दार जाड होतं. आरती मॅडम बाहेर आली तेव्हा तिच्या हातातला कागद भरलेला होता आणि खाली डाव्या हाताची वाकडीतिकडी सही होती.

"माझं काय लिवलं?" सारजाबाईनं आत जाऊन विचारलं.

"लिवलं की," अश्विनी म्हणाली. "भाजीत मीठ जास्त झालं की अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं आरडता, म्हणून."

"मॅडमनं ते लिहून घेतलं?"

"न्हाई. म्हणल्या, ह्याला कलम न्हाई."

पुढं दिवस गेले. ऋषी जामिनावर सुटला, पण कोर्टाची मनाई होती, त्यामुळं तो भगवंताच्या घरी राहायला गेला. अश्विनीच्या डोक्याचे टाके निघाले, हात प्लास्टरातच होता. नवरा गेल्यापासून घर सारजाबाईच्या नावावर होतं आणि ते ती सगळ्यांना आठवण करून देत होती, कुणी विचारलेलं नसतानाही. भावकीनं बोलणं टाकलं. टोमॅटो बांधायला रोज येणाऱ्या बायकांना भगवंतानं 'तिकडं जाऊ नका' म्हणून निरोप धाडला. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या आल्या, आणि ज्या कधी येत नव्हत्या त्याही दोघीतिघी आल्या. सुतळी हातात घेऊन कामाला लागल्या. 

मग एके दिवशी निरोप आला, भावकी बैठकीला येतेय. नेमका त्याच दिवशी वनरक्षक भिमाजी पिंजरा न्यायला पिकअप घेऊन आला. तांबडी शेळी सारजाबाईनं पहिल्याच दिवशी सोडवून आणली होती. पिंजरा तेव्हापासून रिकामाच पडला होता.

"भिमाजीभाऊ, आजच्या दिवस राहू द्या."

"का हो, मावशी?"

"भावकी येतीय. घरात खुर्च्या कमी हायती."

भिमाजी इतका हसला की त्याला खोकला लागला. त्यानं पिंजरा ठेवला.

दिवस कलताना मंडळी आली. अंगणात बसली, पिंजऱ्याकडं पाठ करून. भगवंतानं घसा खाकरला.

"वहिनी, झालं ते झालं. फिर्याद तुमची, तुमीच मागं घ्या. पोराच्या जन्माची माती करू नका. आमी जामीन ऱ्हातो, परत हात उचलणार न्हाई."

"मागच्या वेळी बी तुमीच जामीन व्हता, भाऊजी."

"मागं घेता येत नसंल तर कोर्टात साक्ष फिरवा. आठवत न्हाई म्हणा. म्हाताऱ्या माणसाला कोण काय म्हणतं?"

"म्हातारी?" सारजाबाई ताडकन उठली. "पाळण्यातल्या पोराचं नाव ठेवतानाचं भांडण मला शब्दाशब्दानं पाठ हाय, आन् सुनेचं फुटलेलं डोकं आठवायचं न्हाई?"

भगवंतानं तिचा नाद सोडला आणि दाराकडं बघितलं. तिथं अश्विनी उभी होती. त्याचा आवाज मऊ झाला. "सूनबाई, तू शिकलेली हायस. सासू हट्टी हाय, तू तरी समजून घे. ही आज हाय, उद्या न्हाई. मंग तुझ्यामागं कोण?"

अंगणातल्या सगळ्यांनी तिच्याकडं माना वळवल्या. सारजाबाईनंही. हेच अश्विनीनं दवाखान्यात विचारलं होतं, आणि त्याचं उत्तर सारजाबाईलासुद्धा देता येण्यासारखं नव्हतं.

"मामंजी, आत्या उद्या ऱ्हातील न ऱ्हातील," अश्विनी म्हणाली. ती हळूच बोलली, नेहमीसारखी. "त्यांनी साक्ष फिरवली तर फिरवू द्या. माझा जबाब माझा हाय. त्यो मी फिरवणार न्हाई. आन् सोमवारपास्नं मी अंगणवाडीत जाणार हाय. डाव्या हातानं पोरांना खाऊ वाढता येतो."

"मी साक्ष फिरवीन असं कोण म्हणलं गं?" सारजाबाई तिच्यावरच खेकसली.

"म्हणलं, फिरवली तर."

"तर बी म्हणायचं न्हाई!"

दोघी भावकीसमोरच भांडायला लागल्या. समजूत घालायला आलेल्या माणसांना आता कुणाची समजूत घालावी तेच उमगेना. एकेक जण चपला शोधायला लागला.

इतक्यात घरातला बल्ब लागला. शेतीच्या मोटारीची लाईट आली होती. उसात पाणी द्यायचं राहिलं होतं. आणि उसात बिबट्या होताच, खराखुरा, चार पायांचा. कालच पलीकडच्या बांधावर त्याचा ठसा सापडला होता.

सारजाबाई आत गेली आणि खुंटीवरचे दोन्ही पट्टे घेऊन आली. एक स्वतःच्या गळ्यात अडकवला. दुसरा सुनेला एका हातानं बांधता येत नव्हता, म्हणून तिच्या मागं उभी राहून बक्कल लावायला लागली.

"लई आवळू नका, आत्या."

"गप उभी ऱ्हा."

अंगणाच्या तोंडाशी भगवंत अजून उभा होता, जावं की आणखी काही बोलावं या विचारात. खिळ्यांचे पट्टे घातलेल्या दोन बायका बॅटरी घेऊन त्याच्यासमोर येऊन थांबल्या.

"भाऊजी, वाट सोडा," सारजाबाई म्हणाली. "मोटार चालू करायचीय."